'ऑल मेन'वर अडून बसलेल्या हंसाबेन



हंसा मेहता कोल्हापूरच्या नव्हेत. जन्म १८९७चा, सुरतेतला. वडील पुढे बडोदा संस्थानचे दिवाण. १९१९ साली इथे कोल्हापुरात शाहू महाराजांनी बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला, त्याच साली त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. परतल्यावर या नागर ब्राह्मण मुलीने वैश्य समाजातल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं आणि ज्ञातीत गहजब उडाला. पुढे सत्याग्रहात तुरुंगवासही झाला.

अखिल भारतीय महिला परिषद १९२७ साली पुण्यात भरली, ती बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली. याच परिषदेच्या हंसाबेन पुढे अध्यक्ष झाल्या. परिषदेने १९४६मध्ये स्त्रियांच्या हक्कांची आणि कर्तव्यांची सनद काढली, तीत शिक्षण, वेतन, मालमत्ता, विवाह सगळं आलं. त्यामुळे १९४७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर गेल्या, तेव्हा त्यांचा गृहपाठ पक्का होता.

आयोगात बायका दोनच: अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट आणि हंसाबेन. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात 'ऑल मेन' असं होतं. रूझवेल्टबाईंना त्यात काही खटकेना. 'मेन'मध्ये बायका आल्याच की! हंसाबेन मात्र अडून बसल्या. काही देश याचा शब्दशः अर्थ लावतील आणि बायकांना खुशाल बाहेर ठेवतील, हा त्यांचा मुद्दा. कायद्यातल्या पळवाटा कुणासाठी असतात, हे वारसाहक्कासाठी झगडणाऱ्या भारतीय बाईला सांगावं लागत नव्हतं. अखेर तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं.

सगळं श्रेय त्यांच्या एकटीच्या पदरात टाकणं मात्र बरोबर नाही. संयुक्त राष्ट्रांच्याच स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगानेही रेटा लावला होता. तिथे भारताच्या बेगम शरीफा हमीद अली होत्या. १० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये जाहीरनाम्यावर मतदान झालं. बाजूने ४८, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ.

पुढच्याच वर्षी हंसाबेन बडोदा विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाला देशात पहिल्यांदाच महिला कुलगुरू मिळाली. शिवाय 'हॅम्लेट' गुजरातीत आणलं, ते वेगळंच.

आणि याच बाईंनी डिसेंबर १९४६मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं, आम्हाला राखीव जागा नकोत, न्याय हवा. इथल्या पहिल्या रांगेतल्या काही मुलींना हे मुळीच पटणार नाही. भाषण सभेच्या कामकाजात छापलेलं आहे. सर, पुढच्या वादविवाद स्पर्धेला हाच विषय ठेवा.