ह्ये कशाचं?



एका कवीनं प्राप्तिकराच्या परताव्यावर बोलावं, याची माझ्या मित्रांना गंमत वाटली. ‘तुला कर भरण्याइतकं उत्पन्न तरी आहे का?’ असं एकानं विचारलं. नाही. आणि म्हणूनच मी बोलतोय. ज्याला कर लागू होत नाही, त्याचाही पैसा आधी कापला जातो आणि मग परताव्याच्या वाटेवर कुठंतरी अडकतो.

मी मुद्रितं तपासतो, कार्यक्रमांच्या संहिता लिहितो. मानधन देणाऱ्या संस्था शंभरातले दहा रुपये टीडीएस म्हणून कापून घेतात. वर्षअखेर हिशेब केला की मला कर लागतच नाही, असं निघतं. मग विवरणपत्र भरायचं आणि कापलेली रक्कम परत मागायची. ही सरकारची मेहेरबानी नव्हे. तो आपलाच पैसा असतो.

पुढचं सांगण्याआधी माझ्या अब्बांची एक गोष्ट सांगतो. कृष्णाकाठच्या गावात आमची एकरभर जमीन होती. ऊस कारखान्याला जायचा आणि बिल हातात येण्याआधीच त्यातून सोसायटीचं कर्ज वळतं व्हायचं. अब्बांना अक्षर येत नव्हतं. ते कागद माझ्यासमोर धरायचे, कपातीच्या एकेका आकड्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, ‘ह्ये कशाचं?’ एका वर्षी एक आकडा त्यांना पटला नाही. त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचं कर्ज आमच्या बिलातून गेलं होतं. अब्बा तीन दिवस सोसायटीच्या पायरीवर जाऊन बसले. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. चौथ्या दिवशी सचिवानं चूक दुरुस्त केली.

त्या अब्बांचा मी बी. ए. झालेला मुलगा. २०२१ साली मला १८,४०० रुपये परत यायचे होते. बायकोच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी ते मनात बाजूला काढून ठेवले होते. खात्यात आले १०,६००. मुलीनं माझा ई-मेल उघडून पाहिला, तर दीड महिन्यापूर्वीचं एक पत्र तसंच पडून होतं. २०१२-१३ या आर्थिक वर्षाची ७,८०० रुपयांची मागणी तुमच्या नावावर थकीत आहे, ती परताव्यातून वळती करण्याचा विचार आहे, तुमचं म्हणणं मुदतीत कळवा, असं त्यात लिहिलेलं होतं. खरं सांगायचं, तर त्या पत्राचं शीर्षक मी पाहिलं होतं. इंग्रजी मजकूर, कलमाचा आकडा. छातीत धस्स झालं आणि मी ते पत्र उघडलंच नाही.

त्या वर्षी माझ्यावर थोडा कर बसत होता आणि तो एका संस्थेनं कापलेल्या पैशांतून भागत होता. पण त्या संस्थेनं आपल्या तिमाही विवरणात माझा पॅन चुकीचा भरला होता. पैसे कापले गेले, माझ्या नावावर मात्र चढले नाहीत. मी शोध घ्यायला निघालो तेव्हा ती संस्था बंद होऊन तीन वर्षं झाली होती. माझ्याकडचं कापणीचं प्रमाणपत्रही घर बदलताना हरवलं होतं. ते ७,८०० रुपये मला परत मिळाले नाहीत. शस्त्रक्रिया सहा महिने लांबली.

त्यानंतर मी हा विषय अभ्यासाला घ्यावा तसा घेतला. परतावा न येण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार म्हणजे नुसता उशीर. विवरणपत्रांची छाननी २००९ पासून बंगळुरूच्या केंद्रात होते. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरलं, ते संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत त्या केंद्राला मुदत असते. तेव्हा दोन महिन्यांत पैसे आले नाहीत म्हणजे कुणी ते बुडवले, असं समजू नये. पण उशिराला कधीकधी आपणच कारण असतो. ऑनलाइन विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. ती राहिली की कागद तिथंच थांबतो. पॅन आधारशी जोडलेला नसल्यानं निष्क्रिय झाला असेल, तर परतावा थांबतो आणि तेवढ्या काळाचं व्याजही मिळत नाही. आणि मार्च २०१९ पासून परतावा फक्त पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो. तिथं नाव जुळावं लागतं.

नावाचं दुखणं माझ्यासारख्यांना विचारा. माझ्या नावातला ‘मोहम्मद’ शाळेच्या दाखल्यावर पूर्ण आहे, पॅनवर ‘एमओएचडी’ आहे आणि बँकेत एक ‘एम’ जास्त आहे. अम्मीनं एकाच नावानं हाक मारली, कागदांनी मला तीन माणसं केलं. एका वर्षी माझा परतावा निव्वळ त्या जास्तीच्या ‘एम’पायी परत गेला. देशपांडे, कुलकर्णी यांच्याही स्पेलिंगचे असेच घोळ असतात. ते आधीच मिटवून घ्यावेत.

दुसरा प्रकार रोखून धरण्याचा. तुमच्या विवरणपत्राची सखोल तपासणी चालू असेल आणि परतावा दिल्यास पुढं कर वसूल होणं अवघड जाईल असं अधिकाऱ्याला वाटलं, तर तो परतावा थांबवू शकतो. मात्र त्याला कारण लेखी नोंदवावं लागतं आणि आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. एप्रिल २०२३ पासून ही तरतूद १९६१ च्या कायद्यातल्या २४५ व्या कलमातच आहे. पगारदार किंवा माझ्यासारख्या फुटकळ मानधनावर जगणाऱ्याला हा अनुभव क्वचित येतो.

तिसरा प्रकार वळतं करण्याचा, म्हणजे अब्बांच्या ऊसबिलाचा. जुनी मागणी असेल तर ती नव्या परताव्यातून वजा होते. हेही २४५ वं कलमच. पण करदात्याला आधी लेखी कळवल्याशिवाय असं करता येत नाही. २०१२ साली एका सनदी लेखापालानं दिल्ली उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. मार्च २०१३ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की, परतावा वळता करण्याआधी करदात्याला आपलं म्हणणं मांडण्याची संधी द्या आणि ते विचारात घ्या. म्हणजे जे पत्र मी भीतीपोटी उघडलं नाही, ते धमकीचं पत्र नव्हतं. माझ्या बाजूनं बोलण्याचं ते आमंत्रण होतं. मी गप्प बसलो आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लागला.

२०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आला आहे. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. कलमांचे आकडे त्यात बदलले, पण त्याआधीच्या वर्षांचे हिशेब जुन्याच कायद्यानं होतात. म्हणून हे आकडे अजून उपयोगाचे आहेत.

पुढच्याच वर्षी तसंच दुसरं पत्र आलं. दुसऱ्या एका जुन्या वर्षाची २,१०० रुपयांची मागणी. या वेळी मी त्याच संध्याकाळी मुलीला शेजारी बसवलं. ‘मागणी मान्य नाही’ हा पर्याय निवडला, कारण लिहिलं आणि जपून ठेवलेलं कापणीचं प्रमाणपत्र जोडलं. कायद्याचं २०५ वं कलम असं की, ज्याच्या पैशातून कर कापला गेला आहे, त्याच्याकडे तेवढाच कर पुन्हा मागता येत नाही. डिसेंबरात माझे १४,००० रुपये पूर्ण आले. वर ६३० रुपये व्याज. महिन्याला अर्धा टक्का, एप्रिलपासूनचे नऊ महिने. हे व्याज उत्पन्नात धरावं लागतं, तेवढं विसरू नका. परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल, तर मात्र व्याज मिळत नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी अशा किरकोळ जुन्या मागण्या मागे घेण्याची घोषणा केली. २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० रुपयांपर्यंतच्या. एका करदात्यासाठी एकूण मर्यादा एक लाखाची ठेवली. काही मागण्या १९६२ पासूनच्या होत्या आणि त्यांच्यामुळं प्रामाणिक माणसांचे परतावे अडत होते, हे त्यांनीच सभागृहात सांगितलं. माझी ७,८०० ची मागणीही त्यात बसली असती. पण ती तीन वर्षांपूर्वीच वळती होऊन गेली होती.

तेव्हा श्रोतेहो, वर्षातून दोनदा आपलं कर जमा झाल्याचं विवरण, ज्याला लोक २६एएस म्हणतात, ते उघडून पाहा. कापलेला प्रत्येक रुपया तिथं दिसतो का, ते मोजा. दिसत नसेल तर कापणाऱ्या संस्थेला लगेच लिहा, ती बंद पडण्याची वाट पाहू नका. प्रमाणपत्रं जपा. परतावा मंजूर झाला, दुव्यावर बोट दाबा, ओटीपी सांगा, असा संदेश मोबाइलवर आला तर तो चोराचा समजा. आपल्या परताव्याचं काय झालं, ते प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर आपण स्वतः जाऊनच पाहायचं.

अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. बायकोचा डोळा आता बरा आहे. परवा बँकेचं पासबुक भरून आणलं, तेव्हा तिनं चष्मा लावून एका कपातीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘हे कशाचं हो?’ मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बँकेत गेलो.

(रेडिओवरील भाषणावरून संपादित)