पुराव्याधिष्ठित आरोग्यसेवा

चाकणच्या कारखान्यात मोजमापाविना एकही सुटा भाग पुढे जात नाही. मग उपचार केवळ ऐकीव माहितीवर का स्वीकारावा?

शिरूर तालुक्यातील वढू, तसेच दिल्ली व वेल्लोर येथील ६,७९९ बालकांवर भारतीय रोटाव्हायरस लसीची चाचणी झाली. कोणास लस व कोणास निरौषध थेंब मिळाले, हे माता वा डॉक्टर कोणासही ठाऊक नव्हते; म्हणूनच निष्कर्ष निःपक्षपाती ठरला. लस घेतलेल्या बालकांत रोटाव्हायरसचा तीव्र अतिसार निम्म्याहून अधिक घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये ती राष्ट्रीय लसीकरणात आली.

पुराव्यास डॉक्टरांच्या अनुभवाची व रुग्णाच्या इच्छेचीही जोड हवी. ‘या उपचारास आधार काय?’ असे विनयाने विचारणे हा अविश्वास नव्हे. ती आपल्या लेकराच्या जिवाची काळजी होय.