विजेच्या तारा आणि अंगणातील झाड



आजचा विषय ऐकून काहींस वाटेल की, झाड तोडणे ही व्याख्यानाची बाब नव्हे. ती कोयता, करवत आणि दोर यांची बाब आहे. माळावरच्या एकट्या झाडापुरते हे खरे आहे. परंतु ज्या झाडाच्या अंगावरून अथवा शेजारून विजेची तार गेली आहे, ते तोडताना प्रथम लागतो तो धीर. आणि हा धीर झाडावर चढणाऱ्या मजुराने नव्हे, तर त्यास मजुरी देणाऱ्या गृहस्थाने धरावयाचा असतो. म्हणूनच हे चार शब्द आपणांसारख्या सुशिक्षित कुटुंबांपुढे ठेवीत आहे.

आपण नित्य पाहतो ते उदाहरण घेऊ. बंगल्याच्या कुंपणालगत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने लावलेला माड आता खांबावरील तारांच्या वर गेला आहे. वाऱ्याने झावळ्या तारांस लागतात, पावसात ठिणग्या उडतात, वरचेवर दिवे जातात. माड हे असे झाड आहे की त्याचा शेंडा छाटून ते राखता येत नाही. त्यास वाढीचा कोंब एकच, आणि तो गेला की झाड मेले. अर्थात् माड काढणे भाग पडते. मग नारळ पाडणाऱ्या एखाद्या गड्यास बोलावून, 'दुपारपर्यंत उरकून टाक' असे सांगितले जाते. अपघाताचे बीज बहुधा या वाक्यातच असते.

प्रथम धोक्याचे स्वरूप पाहू. खांबावरील बहुतेक तारा उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. त्यांवर आवरण नसते. घरात येणारा दाब २३० व्होल्ट, तर रोहित्राकडे जाणाऱ्या तारांत तो बहुधा ११ हजार, काही ठिकाणी २२ अगर ३३ हजार व्होल्ट असतो. घरातील विजेचेच गणित करू. घामाने भिजलेल्या मनुष्यदेहाचा रोध सुमारे १ हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या तारेतून २३० मिलिअँपियर प्रवाह देहातून वाहील. आणि छातीतून सुमारे १०० मिलिअँपियर प्रवाह गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. ११ हजार व्होल्टच्या तारेस तर प्रत्यक्ष स्पर्शही नको. अगदी निकट गेल्यास मधल्या हवेतूनच ठिणगी उडी घेते.

'लाकडातून वीज जात नाही' हा समज येथे घातक ठरतो. पाठ्यपुस्तकात लाकूड विद्युतरोधक म्हटलेले असते, ते सुक्या लाकडास अनुलक्षून. उभे झाड रसाने भरलेले असते, आणि त्या रसात क्षार असतात. हिरवी फांदी, ओली झावळी, भिजलेला काथ्याचा दोर, पावसात ठेवलेली बांबूची शिडी, या साऱ्यांतून वीज वाहते. नायलॉनचा दोर मळला व भिजला म्हणजे तोही विश्वासाचा नव्हे. अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीचे तर नावच नको.

दुसरे असे की, तार नेहमी एकाच जागी राहत नाही. उन्हाने व अधिक भाराने ती तापते, लांबते आणि खाली झोळते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात भार वाहणाऱ्या तारा झोळून खाली वाढलेल्या झाडांस लागल्या. इतर बिघाडांची त्यात भर पडून जी साखळी सुरू झाली, तीमुळे अमेरिका व कॅनडा या देशांतील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. यास्तव सकाळी तारेपासून दूर दिसणारी फांदी दुपारी तितकीच दूर असेल, असे समजू नये. अमेरिकेतील नियमाप्रमाणे ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून अप्रशिक्षित माणसाने व त्याच्या हातातील अवजाराने १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर, दूर राहावे लागते. आपणही तेच माप मनात धरण्यास हरकत नाही. माणूस, कोयता, दोर अथवा पडती फांदी यांपैकी काहीही या अंतराच्या आत येण्याचा संभव असेल, तर ते काम खाजगी गड्याचे नव्हे.

झाड पडल्यास तारेपर्यंत पोहोचेल काय, हे ठरविण्यास शाळेतील भूमिती पुरेशी आहे. उन्हात १ मीटरची काठी सपाट जमिनीवर उभी करा. तिची छाया ८० सेंटिमीटर आणि त्याच वेळी झाडाची छाया ९.६ मीटर भरली, तर झाडाची उंची १२ मीटर. खांबांची रांग बुंध्यापासून ८ मीटरवर असेल, तर हे झाड मुळाशी तोडून पाडणे म्हणजे ते तारांवर घालण्याचीच सिद्धता होय.

आता करावे काय? पहिली गोष्ट परवानगीची. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमान्वये वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. झाड आपल्या अंगणातले असले तरीही. परंतु ही परवानगी झाडापुरती आहे; तिने तार बंद होत नाही. त्यासाठी वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीकडे वेगळा लेखी अर्ज करावा. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या ६८ व्या कलमात तारेस अडथळा करणारे झाड कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकाऱ्याने अथवा शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याने काढविण्याची तरतूद आहे. आणि झाड तारेच्या आधीपासूनचे असेल, तर झाडाच्या धन्यास वाजवी भरपाई देण्याचीही आहे. कायद्याने दोन्ही बाजूंचा विचार केला आहे, हे ध्यानी ठेवावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. 'लाईट गेले आहेत' आणि 'लाईन बंद केली आहे' ही दोन वाक्ये एकार्थी नव्हेत. गेलेली वीज कोणत्याही क्षणी परत येते. बंद केलेली लाईन म्हणजे जिचा स्विच डोळ्यांस दिसेल असा उघडून कुलूपबंद केला आहे, 'माणसे काम करीत आहेत' असा फलक लावला आहे, तारेत वीज नाही हे उपकरणाने तपासले आहे, आणि कामाच्या दोन्ही बाजूंस तार जमिनीशी जोडून अर्थिंग केले आहे, ती. हे अर्थिंग कशासाठी, असे कोणी विचारील. एखाद्या घरातील जनित्र चुकीच्या जोडणीने चालू असेल, तर त्याची वीज रोहित्रातून उलटी चढून मृत समजलेल्या तारेत येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील माडापोफळीच्या बागा आणि विजेचे खांब एकत्रच आडवे केले. अशा प्रसंगी तारांत गुरफटलेल्या झाडास हात लावण्यापूर्वी ही दक्षता अधिकच अगत्याची. लाईनमनने तार बंद असल्याचे लेखी सांगितल्यावाचून कोणीही झाडावर चढू नये.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष तोडण्याची. तारांजवळील झाड वरून खाली, तुकड्यातुकड्यांनी उतरवावयाचे असते. माडाच्या प्रथम झावळ्या व नारळ, मग खोडाचे लहान तुकडे. प्रत्येक तुकडा दोराने बांधून, तारांच्या विरुद्ध बाजूस, हळूहळू सोडावयाचा. ओल्या खोडाचा ३० सेंटिमीटर व्यासाचा, १ मीटर लांबीचा तुकडा सुमारे ७० किलोचा भरतो; म्हणजे जवळजवळ एका माणसाइतका. आंब्यासारख्या झाडाची फांदी तोडताना पहिला घाव खालून, दुसरा त्याहून थोडा पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी बुंध्याजवळ, असे तीन घाव घालावे. नाहीतर साल सोलत जाऊन फांदी झोका घेते, आणि झोका कोठे जाईल हे सांगता येत नाही. पावसात अथवा वाऱ्यात हे काम करू नये. खाली झाडाच्या उंचीच्या दीडपट तरी जागा मोकळी असावी; मुले घरात असावी. दूरचित्रवाणीच्या अथवा इंटरनेटच्या तारांसही निरुपद्रवी मानू नये. तुटून विजेच्या तारेवर पडल्यास त्याही तितक्याच जीवघेण्या होतात.

इतके करूनही एखादा वीज लागून चिकटलाच, तर धावत जाऊन त्यास ओढू नये. प्रथम तार बंद करविण्यासाठी कंपनीस आणि मदतीसाठी ११२ अथवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर कळवावे. तार जमिनीवर पडली असेल, तर जवळची जमीनही विद्युत्‌भारित होते. तेथून दूर होताना दोन्ही पावले जुळवून, जमिनीवरून न उचलता, सरकत जावे. तार बंद झाल्याची खात्री पटल्यावर मात्र क्षणाचाही विलंब न करता, श्वास व नाडी नसल्यास, छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा.

शेवटी घरधन्याविषयी. हे काम बहुधा झाडामागे ठोक रकमेने ठरते. काम जितके लवकर संपेल तितका गडी दुसऱ्या कामास मोकळा होतो, म्हणून तो घाई करतो. आणि आपणांसही अंगण लवकर मोकळे हवे असते. दोघांच्या घाईचा भार मात्र वर चढलेला एकटाच वाहतो. सबब तारांजवळच्या कामाची मजुरी दिवसावर ठरवावी, आणि लाईन बंद होण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळही त्यात धरावा. पन्नास-शंभर रुपयांच्या बचतीसाठी लाईनमनची वाट न पाहणे ही काटकसर नव्हे. जागा मोकळी झाल्यावर तारांखाली पुन्हा माड अथवा गुलमोहर न लावता जास्वंद, कण्हेर, तगर अशी ठेंगणी झाडे लावावी, म्हणजे पुढच्या पिढीस हा प्रसंग येणार नाही. तोपर्यंत कंपनीचा माणूस आज आला नाही, तर दोर बांधून उभ्या असलेल्या गड्यास त्या दिवसाची मजुरी द्यावी आणि 'आज नको, लाईन बंद झाली म्हणजे ये' असे सांगून परत पाठवावे.