खापर कोणाच्या डोक्यावर?



संप झाला आणि पुढे कारखाना बुडाला, की खापर कामगारांच्या डोक्यावर फुटते. आज एका परदेशी सायकलीची हकिकत सांगतो. निवाडा आपण करा.

शिकागोची श्विन कंपनी १८९५ सालची. तिची सायकल म्हणजे दणकट काम. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्याची तरुण पोरे डोंगर उतरायला निघाली, तेव्हा त्यांनी हौसेने शोधल्या त्या श्विनच्या जुन्या ‘एक्सेल्सियर’ सायकली. उतार असा, की मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे. तिथे ‘माउंटन बाइक’ जन्मली, ती श्विनच्या हाडांवर!

पण ही हाक कंपनीला वेळेवर ऐकू आली नाही. १९८१ साली स्पेशलाइज्ड या लहान कंपनीने जपानात बनवून घेतलेली ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आणली. मागाहून श्विननेही ‘हाय सिएरा’ काढली. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, पक्क्या बांध्याची. जुन्या सायकलींचे शौकीन आजही ती जपतात. परंतु गिऱ्हाइकाच्या मनात श्विन म्हणजे लहानपणची सायकल. ते चित्र पुसणे कंपनीला साधले नाही.

१९८० साली शिकागोत संप झाला. १९८३ साली तिथला कारखाना बंद पडला. काम मिसिसिपीत आणि तैवानात गेले. १९९२ साली कंपनीचे दिवाळे निघाले. एकट्या विक्रीच्या चुकीने नव्हे. कर्ज होते, परक्या कारखान्यांवर भिस्त होती. पण संपाकडे बोट दाखवणाऱ्यांना मी विचारतो, शिकागोची मजुरी १९८३ सालीच संपली. मग दिवाळे नऊ वर्षांनी का निघाले?

आता आमचीही चूक कबूल करतो. एका कारखान्यात चांगला माल गोदामात गंजताना मी पाहिला आहे. त्या वर्षी आम्ही बोनसवर तीन महिने भांडलो. माल का खपत नाही, हे एकदाही विचारले नाही. पुढे दरवाजाला कुलूप लागले, तेव्हा विक्रीखात्याचे साहेब दुसरीकडे लागले आणि आमचे फिटर घरी बसले.

म्हणून माझ्या कामगार बंधूंना सांगणे आहे : पुढच्या मागणीपत्रात पगाराखाली आणखी एक कलम घाला. गिऱ्हाईक काय म्हणते, ते आम्हालाही कळवा.