तंजावरची गादी आणि तिचे दावेदार

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर एक प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. राजराज चोळाने उभारलेल्या त्या मंदिरात भोसले वंशाचा हा इतिहास १८०३ साली कोरला गेला. त्यापूर्वी चारच वर्षे त्या वंशाच्या हातून राज्यकारभार निसटला होता. सव्वाशे वर्षे नांदलेले हे राज्य कशाने गेले, असा प्रश्न त्या लेखापुढे उभे राहिले असता सहजच मनात येतो.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर सुचण्याजोगे आहे. राजघराणे मराठी, प्रजा बहुतांशी तामीळ, पूर्वीच्या नायक राजांच्या दरबारात तेलुगूचा मान, पंडितांची भाषा संस्कृत. अशा संमिश्र मुलखात स्थैर्य कोठून येणार? परंतु इतिहास या उत्तराला दुजोरा देत नाही. या गादीवरील दुसरे राजे शहाजी यांनी तेलुगूत नाट्यरचना केली, आणि ‘पंचभाषाविलास’ या नाटकात पाच भाषा एकत्र नांदविल्या. कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या त्या भूमीत मराठी मोडीतील दप्तर आणि तामीळ गाव यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. भाषाभेदामुळे गादी डळमळली, असे दिसत नाही.

ती डळमळली वारशाच्या तंट्यांनी, आणि ते तंटे मिटविण्यास बोलावलेल्या परक्या मध्यस्थांनी. मौज अशी की, या मराठी राज्याचा जन्मही अशाच एका तंट्यातून झाला. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकांनी तंजावर जिंकले. तंजावरच्या नायकांच्या वारसाला गादी परत मिळवून देण्याकरिता विजापूर दरबाराने शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजी यांना धाडले. एकोजींनी शत्रूला हुसकावले आणि १६७६ च्या सुमारास ते स्वतःच गादीवर बसले. दुसऱ्याचा वारसा सोडविण्यास आलेला सरदार धनी होऊन राहिला.

साठ वर्षांनी हाच प्रसंग एकोजींच्या वंशजांवर आला. १७३६ मध्ये तुकोजीराजे वारले. पुढील तीन वर्षांत दुसरे एकोजी, त्यांची विधवा सुजानबाई आणि शहाजी असे तिघे गादीवर आले व गेले. किल्लेदार सय्यद याच्या हाती राजे करण्याची व मोडण्याची सत्ता गेली. गादीच्या आशेने शहाजीने फ्रेंचांना कारैकाल देऊ केले, आणि १७३९ मध्ये ते फ्रेंचांच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी प्रतापसिंह राजे झाले. दहा वर्षांनी याच पदच्युत शहाजीचा कैवार इंग्रजांनी घेतला व सैन्य धाडले. देवीकोट्टै हाती येताच त्यांनी प्रतापसिंहांशी तह केला. शहाजीच्या वाट्याला केवळ निर्वाहवेतन आले. एकाच दावेदाराच्या नावावर दोन परक्या सत्तांनी दोन ठाणी मिळविली. गादी मात्र त्याला कोणीही दिली नाही.

यानंतरचा कलह पैशाचा होता. १७६२ च्या तहाने तंजावरने अर्काटच्या नबाबाला दरसाल चार लक्ष रुपये द्यावयाचे ठरले, आणि त्याची हमी इंग्रजांनी घेतली. नबाब मद्रासच्या गोऱ्या सावकारांचा ऋणको होता. त्यामुळे तंजावरच्या भातशेतीवर दूरच्या सावकारांचा डोळा राहिला. १७७३ मध्ये इंग्रजी फौजेच्या बळावर नबाबाने राज्य गिळले. १७७६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी तुळजाजींना गादी परत दिली, तेव्हा मद्रासच्या कौन्सिलातील विरोधकांनी खुद्द गव्हर्नरासच कैद केले; कैदेतच ते वारले. पुढे १७८१ मध्ये हैदर अलीची स्वारी आली. गावे ओस पडली, आणि पळालेले शेतकरी राजाच्या कारभाऱ्यांच्या वचनावर परतेनात. ते परतले श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या हमीवर. राज्य बुडण्याची खरी खूण हीच होय.

अखेरचा तंटा दत्तकाचा. १७८७ मध्ये तुळजाजी वारले. त्यांचे दत्तक पुत्र सरफोजी खरे वारस, की बंधू अमरसिंह? कंपनी सरकारने पंडितांचे मत घेतले. दत्तविधान अशास्त्र ठरले व अमरसिंह राजे झाले. काही वर्षांनी पुन्हा मत घेतले; तेच दत्तविधान सशास्त्र ठरले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले, आणि पुढल्याच वर्षी तहावर सही करून त्यांनी मुलखाचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, ठराविक नेमणूक आणि निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले, तेव्हा तेही नाममात्र राज्य खालसा झाले.

अनेक भाषा-वंशांच्या प्रदेशात अशांतता माजली की तिचे खापर त्या अनेकत्वावर फोडण्याची रीत जगभर आहे. तंजावरचा अनुभव निराळे सांगतो. सत्तेचा वारसा कोणाकडे जावा, याचा सर्वमान्य निर्णय जेथे घरात होत नाही, तेथे तो बाहेरचा कोणी करतो आणि त्याचे मोल आपणच ठरवितो. ते मोल फेडावे लागते शेतात राबणाऱ्याला, मग त्याची भाषा कोणतीही असो. तंजावरची गादी गेली. सरस्वती महाल ग्रंथालयात मात्र तामीळ, तेलुगू, मराठी आणि संस्कृत पोथ्या आजही एकाच छपराखाली नांदत आहेत.