जांभळी किनार आणि पैठणीचा काठ



मंडळाचे फोटो काढणाऱ्या आम्हांला एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. फोटो मोठा करून पाहिला, की बाप्पाच्या लखलखत्या मुकुटाला जांभळी किनार दिसते. कोपऱ्यातल्या तोरणाला एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळसर रेघ.

याचे मूळ भिंगात आहे. काच निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकवते. त्यामुळे सारे रंग एकाच जागी, एकाच आकारात उमटत नाहीत. दोन प्रकारच्या काचा जोडून हा दोष कमी करणाऱ्या भिंगाचे पेटंट लंडनच्या जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये घेतले. पण दोष आजही पुरता गेलेला नाही.

मुकुटाची किनार भिंगाचे छिद्र लहान केल्याने, म्हणजे एफ २ ऐवजी एफ ५.६ ठेवल्याने, बरीच कमी होते. कोपऱ्यातल्या रेघा त्याने हटत नाहीत. त्या सॉफ्टवेअर लाल आणि निळ्या प्रतिमांचा आकार जुळवून काढते.

जांभळा रंग पुसण्याची सोय मात्र आम्ही जपून वापरतो. ती सबंध फोटोवर फिरवली, तर आजीच्या पैठणीचा जांभळा काठही फिका पडतो. म्हणून मूळ फाइल राखून ठेवायची आणि दुरुस्ती त्या किनारीपुरतीच करायची. उद्या नातवंडांनी पैठणीचा रंग विचारला, तर उत्तर फोटोतच मिळायला हवे.

गणपती बाप्पा मोरया!