गाडीचा विमा रद्द करताना

(कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



आज महागाई भत्ता नाही, पेन्शन नाही. आज गाडीच्या विम्याबद्दल बोलायचे आहे. विषय किरकोळ वाटेल, पण त्यात आपले पैसे अडकलेले आहेत आणि पैशांहून मोठी जबाबदारीही आहे.

हा कोपर्निकस मार्ग आपल्याला ओळखीचा आहे तो ‘कॅट’मुळे. बढती, बदली, पेन्शनचे दावे घेऊन आपली माणसे इथे येतात. याच रस्त्यावर फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या गाड्या चालवू नयेत, असा आदेश त्याने २६ नोव्हेंबर २०१४ रोजी दिला. ७ एप्रिल २०१५ ला दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही बंदी कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये कारवाईला स्थगिती मिळाली, पण डिसेंबर २०२५ मध्ये ती भारत स्टेज-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच उरली. त्याहून जुनी गाडी कोणाकडे असते? बड्या साहेबाकडे नसते. ती सेकंडहँड घेतलेली, तुमच्या-आमच्या दारात असते.

मग ती गाडी भंगारात जाते, विकली जाते, नाहीतर एनओसी घेऊन गावाकडे जाते. पॉलिसीचे मात्र सहा-आठ महिने उरलेले असतात. “गेले ते पैसे” म्हणून आपण गप्प बसतो. गप्प बसायचे कारण नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, ११ जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की ग्राहक पॉलिसी केव्हाही रद्द करू शकतो. कारण सांगण्याची गरज नाही. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळाला पाहिजे. उलट कंपनीला पॉलिसी रद्द करायची असेल, तर फसवणूक सिद्ध झालेली हवी आणि किमान सात दिवसांची नोटीस हवी.

याचा हिशेब पाहा. समजा वर्षाचा हप्ता ९,००० रुपये आहे आणि चार महिने झाले आहेत. जुन्या टॅरिफच्या कोष्टकाप्रमाणे कंपनी चार महिन्यांसाठी निम्मा हप्ता ठेवून घेई, हातात ४,५०० येत. आठ महिने उलटले की एक पैसाही नाही. आता आठ महिन्यांचे, म्हणजे साधारण ६,००० रुपये परत यायला हवेत. कोणी जुने कोष्टक दाखवले, तर २०२४ च्या परिपत्रकाचे नाव घ्या. नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेतला असेल, तर जी वर्षे सुरूच झालेली नाहीत त्यांचा हप्ता परत मागता येतो.

आता जबाबदारीची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. दंड पहिल्या वेळी २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणून कंपनी स्वस्त आहे म्हणून बदलायची असेल, तर आधी नवी पॉलिसी हातात घ्या, मग जुनी रद्द करा. एक दिवसाचीही फट नको. गाडी भंगारात देत असाल, तर नोंदणीकृत केंद्रातच द्या, तिथले डिपॉझिट सर्टिफिकेट घ्या, आरटीओत आरसी रद्द करून घ्या आणि तो कागद जोडून विम्याचा अर्ज करा. कंपनी हा पुरावा मागते, आणि ते रास्त आहे.

सगळ्यात मोठा धोका विक्रीत आहे. गाडी दिली, पैसे घेतले, की आपण सुटलो असे वाटते. तसे नाही. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असाच खटला निकाली काढला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती, पण आरसीवर नाव मूळ मालकाचेच होते. अपघाताची भरपाई त्याच्यावर आली. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पॉलिसी रद्द करू नका. खरेदीदाराने पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवायचे असते. ते त्याने केले का, हे तुम्ही विचारा.

निवृत्त होऊन गाडी गावाकडे नेणाऱ्यांनी तर पॉलिसी रद्द करायचीच नाही. एमएच नंबर मिळाला की तो आणि नवा पत्ता पॉलिसीवर चढवून घ्यायचा, एवढेच.

नो क्लेम बोनस विसरू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात त्याने ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर तीन वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला ते चालते.

अर्ज कसा करायचा, ते युनियनच्या माणसांना शिकवायला नको. तोंडी सांगू नका. एजंटाला फोन केला म्हणजे अर्ज झाला असे नाही. पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, कोणत्या तारखेपासून रद्द करायची ती तारीख आणि बँक खाते लिहा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला आधी विचारा. अर्ज हातोहात दिला तर प्रतीवर शिक्का घ्या. टपालाने पाठवायचा तर, रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले हे टपालवाल्यांना सांगायला नकोच, पण रेल्वेवाल्यांनो, स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा.

पैसे आले नाहीत तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मुदत मात्र एक वर्षाची आहे, ती चुकवू नका.

मित्रहो, एकेका सभासदाचे हे दोन-पाच हजार रुपये असतील. पण घामाचा पैसा कोणी ठेवून घेतला, तर तो मागायला आपण शिकलो ते याच संघटनेत. मागा, लेखी मागा, आणि अडलात तर युनियनच्या ऑफिसात कागद घेऊन या.

कामगार एकजुटीचा विजय असो!